बाल्कनीतून पाहिलेला खटला : कादंबरीतील बालनिवेदक आणि पूर्वग्रहाची ओळख

नदीकाठ (धागाकर्ती)

आमच्या वाचनगटाने गेल्या महिन्यात हार्पर ली यांची 'टू किल अ मॉकिंगबर्ड' ही कादंबरी घेतली होती. मी ती महाविद्यालयात असताना वाचली होती आणि त्या वयातल्या बहुतेकांप्रमाणे ॲटिकस फिंच या वकिलाच्या प्रेमात पडले होते. या वेळी मात्र माझे लक्ष त्याच्यावरून उडाले आणि त्याच्या मुलीच्या, म्हणजे स्काउटच्या, बोलण्यावर खिळले. चर्चेत जवळजवळ प्रत्येकाने एकच मुद्दा मांडला. लहान मूल निरागस असते, म्हणून मोठ्यांना सवयीने दिसेनासा झालेला अन्याय त्याला लख्ख दिसतो, आणि लेखिकेने निवेदनासाठी मुलगी निवडली ती याचसाठी, असे सर्वांचे म्हणणे होते. मला ते पटले नाही आणि का पटले नाही हे नीट मांडता यावे म्हणून हा धागा काढला आहे. कथानक उघड करावे लागणार असल्यामुळे ज्यांना कादंबरी अजून वाचायची आहे त्यांनी येथेच थांबावे.

कथा अलाबामा राज्यातील मेकोम या काल्पनिक गावात, १९३३ ते १९३५ या काळात घडते. सुरुवातीला स्काउट सहा वर्षांची व्हायची असते आणि शेवटी नऊ वर्षांची व्हायला आलेली असते. टॉम रॉबिन्सन या कृष्णवर्णीय मजुरावर मेयेला युएल या गोऱ्या तरुणीवर बलात्कार केल्याचा आरोप असतो. टॉमचा डावा हात लहानपणी सरकी काढण्याच्या यंत्रात सापडून निकामी झालेला आहे आणि तिच्या अंगावरच्या खुणा डावखुऱ्या माणसाच्या मारहाणीच्या आहेत, हे ॲटिकस भर न्यायालयात दाखवून देतो, तरीही ज्यूरी टॉमला दोषी ठरवते. स्काउट, तिचा भाऊ जेम आणि त्यांचा मित्र डिल हा खटला कृष्णवर्णीयांसाठी राखलेल्या बाल्कनीत बसून पाहतात.

त्या खटल्यातला एक प्रसंग घ्या. सरकारी वकील टॉमची उलटतपासणी घेताना त्याला 'पोरा' असे हिणवत राहतो आणि ते ऐकून डिलला रडू आवरत नाही. स्काउट त्याला बाहेर घेऊन जाते आणि त्याची समजूत काढताना म्हणते, की शेवटी तो निग्रोच तर आहे. हे वाक्य गावातल्या कोणा दुष्ट माणसाचे नाही, आपल्या लाडक्या निवेदिकेचे आहे, आणि ते सारा पुरावा स्वतःच्या कानांनी ऐकून झाल्यानंतरचे आहे. लेखिका तेथे तिला टोकत नाही. त्याआधीही स्काउट शाळेत ऐकलेला तो कुप्रसिद्ध अपमानकारक शब्द घरी सहज उच्चारते, तेव्हा वडील तिला तो वापरू नकोस असे सांगतात. त्याचे कारण ते काय देतात, तर तसे बोलणे हलकेपणाचे आहे. म्हणजे पहिला धडा मिळतो तो चांगल्या घरच्या मुलीने कसे बोलावे याचा! ज्याच्याविषयी बोलायचे त्या माणसाचा त्यात उल्लेखच नाही. गाव तिच्या जिभेवर आधीच येऊन बसलेले आहे, आणि कादंबरीचे खरे कथानक म्हणजे ती जीभ किती हळूहळू आणि किती अपुरी बदलते हे आहे, असे मला वाटते.

मिस गेट्स या शिक्षिकेचा प्रसंग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि आमच्या गटात तो कोणालाही आठवला नाही याचे मला नवल वाटले. वर्गात हिटलर ज्यूंचा कसा छळ करतो आहे यावर बोलणे निघते. शिक्षिका फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'लोकशाही' हा शब्द लिहितात, स्काउट त्याची पाठ केलेली व्याख्या सांगते, आणि आपल्या देशात कोणाचा छळ होत नाही असे शिक्षिका मुलांना सांगतात. याच बाई खटल्याच्या रात्री न्यायालयाच्या पायऱ्या उतरताना म्हणत होत्या, की या लोकांना कोणीतरी धडा शिकवायलाच हवा होता, नाहीतर उद्या ते आपल्याशी लग्न करता येईल असेही समजू लागतील. स्काउटने ते ऐकलेले असते. हिटलरचा इतका राग असणारी बाई आपल्याच गावच्या माणसांविषयी असे कसे बोलू शकते, हे ती जेमला विचारते. जेम उत्तर देत नाही. तो तिला धरून गदागदा हलवतो आणि त्या न्यायालयाचे नाव पुन्हा काढू नकोस म्हणून ओरडतो. तिला विसंगती दिसली आहे, परंतु तिचे काय करावे हे तिच्या थोरल्या भावालाही कळत नाही.

आता निवेदनाकडे वळते. ही कथा सहा वर्षांची मुलगी सांगत नाही. मोठी झालेली जीन लुईस, म्हणजेच स्काउट, आपल्या बालपणाकडे वळून पाहत ती सांगते, आणि हे पहिल्याच परिच्छेदापासून स्पष्ट असते. तिला शेवट ठाऊक आहे, शब्द ठाऊक आहेत, कायदाही बराच ठाऊक आहे. त्या काळी मला कळले नाही असे सांगणारा हा प्रौढ आवाज काय सांगायचे आणि काय मुलीच्या न कळण्याआड ठेवायचे हे सतत ठरवत असतो. लेखिकेने प्रकाशकाकडे प्रथम दिलेले हस्तलिखित तर बालपणाचे नव्हतेच. १९५०च्या दशकाच्या मध्यावर लिहिलेल्या त्या मजकुरात सव्वीस वर्षांची जीन लुईस गावी परतते आणि आपले वडील सिटिझन्स कौन्सिलच्या सभेत बसलेले पाहते. शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५४च्या निकालाला विरोध करण्यासाठी दक्षिणेत अशी मंडळे निघाली होती. टे होहॉफ या संपादिकेने त्यातील बालपणाच्या आठवणींवर नवी कादंबरी उभी करण्याचे सुचवले, आणि त्यातून १९६०मध्ये आपल्याला स्काउट मिळाली. मूळ मजकूर 'गो सेट अ वॉचमन' या नावाने २०१५मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा अनेक वाचकांना ॲटिकस बिघडल्यासारखे वाटले होते. मला मात्र असे विचारावेसे वाटते, की वडिलांकडे पाहण्याची उंची सहा वर्षांच्या मुलीची ठेवल्यामुळे आपल्याला पूर्वग्रह अधिक दिसला, की त्यातला काही भाग दिसायचा राहिला?

जुनी वही

धागा आवडला, परंतु तुम्ही बालनिवेदकाच्या पारड्यात फारच कमी टाकता आहात. तुरुंगासमोरचा प्रसंग आठवा. टॉमला ठार मारण्यासाठी जमाव येतो, ॲटिकस एकटा दिव्याखाली वाचत बसलेला असतो, आणि स्काउट मध्ये घुसून त्या जमावातल्या कनिंगहॅमला ओळखते. त्याच्या शेतजमिनीच्या वारसाहक्काच्या कज्जाची चौकशी करते, आणि वर्गातल्या त्याच्या मुलाला माझा नमस्कार सांगा म्हणते. जमाव कशासाठी आला आहे हे तिला कळलेले नसते, म्हणूनच तिला ते बोलता येते. तेथे प्रौढ निवेदक असता तर त्याला भीती, शौर्य आणि धोरण या गोष्टी लिहाव्या लागल्या असत्या आणि प्रसंगाचे भाषण झाले असते.

अर्थात, एका मुलीच्या बोलण्याने जमाव विरघळतो ही कल्पना भाबडी आहे, असे कोणी म्हणेल. पण कादंबरी स्वतः तिच्यावर फार विसंबत नाही. तो जमाव त्या रात्री परत जातो आणि त्याच गावातली ज्यूरी पुढे टॉमला दोषी ठरवते. कनिंगहॅमांच्या नात्यातला एक ज्यूरर आधी निर्दोष सोडण्याच्या बाजूने अडून बसला होता हे आपल्याला मागाहून कळते, आणि शेवटी तोही वळतो. ती सारी ज्यूरी गोरी का, हे काही स्काउटच्या अज्ञानामुळे लपलेले नाही. १९३१मध्ये अलाबामातच स्कॉट्सबरो येथे नऊ कृष्णवर्णीय मुलांवर आगगाडीत दोन गोऱ्या तरुणींवर बलात्कार केल्याचे आरोप झाले होते आणि गोऱ्या ज्यूरींनी त्यांतल्या आठ जणांना झटपट देहान्ताच्या शिक्षेस पात्र ठरवले होते. कृष्णवर्णीयांना ज्यूरीतून पद्धतशीरपणे वगळले जाते म्हणून त्यांपैकी एकाची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने १९३५मध्ये रद्द केली. मेकोमचा खटला नेमका त्याच वर्षीचा आहे.

कापूसवाट

दोघांचेही म्हणणे वाचले. मला या चर्चेत एक दुसरी मुलगी आणायची आहे. मिल्ड्रेड टेलर यांच्या 'रोल ऑफ थंडर, हिअर माय क्राय' या १९७६च्या कादंबरीची निवेदिका कॅसी लोगन नऊ वर्षांची आहे, शेजारच्याच मिसिसिपी राज्यातली आहे, आणि कथेला सुरुवात होते तीही १९३३मध्येच. फरक एवढाच, की कॅसी कृष्णवर्णीय आहे.

पहिल्याच प्रकरणात शाळेत पुस्तके वाटली जातात. कॅसीचा धाकटा भाऊ, ज्याला घरात लिटल मॅन म्हणतात, सहा वर्षांचा आहे आणि टापटिपीचा इतका भोक्ता आहे, की पायवाटेवरची धूळ बुटांवर बसू नये म्हणून जपून चालतो. हातातले पुस्तक मळके आहे म्हणून तो आधीच नाराज आहे. मग तो आतले पान उघडतो. तेथे पुस्तक कोणकोणत्या वर्षी दिले गेले, त्याची अवस्था काय होती आणि ते कोणत्या वंशाच्या विद्यार्थ्याला मिळाले याचा तक्ता आहे. पहिल्या अकरा नोंदींत विद्यार्थी गोरा आहे आणि पुस्तकाची अवस्था नव्यापासून उतरत गेली आहे. बारावी नोंद सप्टेंबर १९३३ची आहे, अवस्था अत्यंत वाईट, आणि विद्यार्थ्याच्या वंशापुढे कृष्णवर्णीयांसाठीचा हिणकस शब्द. लिटल मॅन पुस्तक जमिनीवर आपटून त्यावर नाचतो आणि मार खातो. कॅसी आपल्या बाईंना ते पान दाखवते, त्यांना कळत नसावे अशा भाबड्या समजुतीने, तर कृष्णवर्णीय असलेल्या त्याच बाई थंडपणे सांगतात, की तुम्ही तेच आहात. त्या दिवशी कॅसीची आई, जी त्याच शाळेत शिकवते, त्या पानांवर कागद चिकटवून तक्ता झाकून टाकते, आणि पुढे तिची नोकरी जाते तेव्हा या झाकलेल्या पानांचाही हिशेब होतो.

स्काउटला पूर्वग्रह कळतो तो बाल्कनीत बसून, दुसऱ्या कोणावर तरी होताना पाहून. कॅसीला ती बाल्कनी मिळतच नाही. स्ट्रॉबेरी या गावी एका गोऱ्या मुलीला तिचा धक्का लागतो, त्या मुलीचा बाप कॅसीचा दंड पिरगाळून तिला रस्त्यावर ढकलतो, आणि माफी मागायला सांगणाऱ्यांत तिची स्वतःची आजी असते. त्या दिवसाची जखम आजीने दिलेली आहे असे कॅसीला वाटते. आजीने तिला वाचवण्यासाठीच तसे केले हे आई रात्री समजावते, आणि गोऱ्यांची मुले जन्मतःच श्रेष्ठ नसतात पण तसे मानणाऱ्यांच्या राज्यात आपण राहतो, हे ती नऊ वर्षांच्या मुलीला इतक्या स्पष्ट शब्दांत सांगते, की तसा संवाद फिंचांच्या घरात एकदाही होत नाही. स्काउटच्या वडिलांना आपल्या मुलीला उशिरा, सावकाश, नीतिकथेच्या चालीने शिकवायला वेळ आहे. लोगनांच्या घरात तो वेळ नाही, कारण मुलाने उद्या रस्त्यावर काय करावे यावर त्याचा जीव अवलंबून आहे.

टेलर यांचा जन्म मिसिसिपीतला, वाढ ओहायोतली, आणि कादंबरीतले बरेच प्रसंग वडिलांकडून ऐकलेल्या हकिकतींवरून घेतलेले. ही कादंबरी बालसाहित्यात गणली गेली, तिला १९७७मध्ये बालसाहित्यासाठीचे न्यूबेरी पदक मिळाले, आणि म्हणून ती मोठ्यांच्या वाचनगटात सहसा येत नाही, असा माझा अनुभव आहे.

सहज

ॲटिकसला जरा कमी बदडावे अशी विनंती आहे. मिसिसिपीतील बिलॉक्सी येथे २०१७मध्ये 'मॉकिंगबर्ड' आठवीच्या अभ्यासक्रमातून काढून टाकण्यात आली, कारण त्यातली भाषा काहींना अस्वस्थ करणारी वाटली. धागाकर्तीने ज्या वाक्यांकडे लक्ष वेधले आहे तीच वाक्ये त्यामुळे तेव्हा मुलांपर्यंत पोहोचायची थांबली.

पिंपळपान

कापूसवाट यांच्या प्रतिसादाला जोडून लिहितो. टोनी मॉरिसन यांच्या 'द ब्लूएस्ट आय' (१९७०) मधली क्लॉडिया नऊ वर्षांची आहे आणि तीही मोठी होऊन हे सारे सांगते. काळ १९४०-४१, गाव ओहायोतले लोरेन, म्हणजे मॉरिसन यांचे स्वतःचे जन्मगाव, जेथे कॅसीच्या गावासारखी उघड दहशत नाही. तेथे पूर्वग्रह भेटवस्तू होऊन येतो. नाताळला क्लॉडियाला निळ्या डोळ्यांची, पिवळ्या केसांची बाहुली मिळते आणि सगळ्या मोठ्यांची खात्री असते, की हीच तिच्या मनातली सर्वांत मोठी इच्छा असणार. ती बाहुलीचे अवयव एकेक करून उखडते, कारण यात एवढे सुंदर काय आहे ते तिला आत शोधायचे असते. मोठ्यांना वाईट वाटते, रागही येतो. त्यांच्या लहानपणी त्यांना अशी बाहुली कधी मिळालेली नसते.

मॉरिसन येथे थांबत नाहीत. बाहुली मोडण्याची ती इच्छा आपण गोऱ्या मुलींकडेही वळवली होती, असे मोठी क्लॉडिया कबूल करते. मग त्याची लाज वाटली, आणि त्या लाजेपोटी आपण शर्ली टेंपल या गोऱ्या बालनटीवर प्रेम करायला शिकलो, असे ती सांगते. त्या बदलाला ती सुधारणा म्हणत नाही, केवळ जुळवून घेणे म्हणते. धागाकर्तीच्या 'जीभ हळूहळू बदलते' या म्हणण्याची ही उलटी बाजू आहे. येथे मुलीचा पहिला राग बरोबर होता आणि मोठे होणे म्हणजे तो गमावणे होते. क्लॉडियाची मैत्रीण पेकोला निळे डोळे मागत वेडी होते, आणि तिच्याकडे निवेदनाचा अधिकार जवळजवळ नाहीच, हेही या धाग्यात नोंदवून ठेवतो.

अनुवादघर

एक भाषेचा मुद्दा मांडते, कारण मी थोडेफार अनुवादाचे काम करते. फिंचांकडे स्वयंपाकपाणी आणि मुलांना सांभाळण्याचे काम करणारी कॅलपर्निया मुलांना आपल्या चर्चमध्ये नेते. तेथे एक बाई गोऱ्या मुलांना येथे आणू नकोस म्हणून हरकत घेते, आणि स्काउटला आयुष्यात प्रथमच कळते, की आपणही कोठे नकोसे असू शकतो. त्याहून मोठा धक्का मात्र भाषेचा आहे. घरी शुद्ध बोलणारी कॅलपर्निया तेथे इतरांसारखी बोलते. असे का, या प्रश्नावर ती सांगते, की मी तेथे तुमच्यासारखे बोलले तर त्यांना मी आव आणते असे वाटेल. घराबाहेर हिचे एक वेगळे आयुष्य आहे हे आपल्या कधी लक्षातच आले नव्हते, असे स्काउट म्हणते. मराठीत हे करताना पेच असा पडतो, की कॅलपर्नियाची चर्चमधली बोली म्हणून मालवणी घ्यावी, की वऱ्हाडी, की आणखी कुठली? कोणतीही घेतली तरी तिच्याबरोबर आपल्याकडचा एखादा समाज आणि त्याच्याविषयीचे आपले ग्रह फुकट येतात. मी एका छोट्या उताऱ्यावर प्रयत्न केला होता आणि शेवटी बोली न वापरता केवळ वाक्ये तुटक केली. समाधान झाले नाही.

जुनी वही

अनुवादघर यांचा मुद्दा वाचून 'श्यामची आई' आठवली. साने गुरुजींनी ती फेब्रुवारी १९३३मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली. म्हणजे वर ज्याच्याविषयी चर्चा चालली आहे ते मळके पुस्तक लिटल मॅनच्या हाती पडले त्याच वर्षी. त्यातल्या एका रात्रीच्या गोष्टीत एका म्हाताऱ्या महार बाईला मोळी डोक्यावर उचलून घेता येत नसते, आणि आई श्यामला तिला हात लावायला सांगते. घरी आल्यावर अंघोळ कर, असेही सांगते. लहानपणी मी यातली दया तेवढी वाचली होती, अंघोळ वाचलीच नव्हती.

कापूसवाट

श्याम हा बालनिवेदक म्हणता येईल का? तो आश्रमातल्या मित्रांना रात्री गोष्टी सांगणारा प्रौढ आहे.

नदीकाठ (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. श्याम प्रौढ आहे हे खरेच, आणि जीन लुईस व क्लॉडियाही प्रौढच आहेत. मला तर हे साम्य उपयोगाचे वाटते. श्यामच्या आईने मोळीला हात लावायला सांगितले, त्याच श्वासात अंघोळही सांगितली, आणि सांगणाऱ्याने आईवरच्या अपार भक्तीतही ती अंघोळ गाळली नाही. हाच लेखक पुढे १९४७मध्ये पंढरपूरचे देऊळ अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून उपोषणाला बसला. ली यांनीही वडिलांचे 'तसे बोलणे हलकेपणाचे आहे' हे उत्तर गाळले नाही. प्रेमाचे माणूस आपल्या काळात किती पुढे गेले आणि कोठे थांबले हे दोन्ही ओळीने लिहिलेले आहे. वाचताना आपण त्यातले एकच उचलतो, माझ्यासकट.

मात्र कापूसवाट यांच्या बाल्कनीच्या मुद्द्यावर मला माझे मूळ म्हणणे बदलावे लागते आहे. मी निवेदिकेच्या वयाला फार महत्त्व दिले. कॅसी स्काउटपेक्षा फार मोठी नाही, तरी तिला न कळण्याची मुभा नाही. मग मुलाच्या निरागसतेने अन्याय दिसतो, हे वाक्य कोणत्या मुलाविषयी आहे हे आधी सांगायला हवे होते. आणि मोळीच्या त्या गोष्टीत म्हातारी घरी जाऊन आपल्या नातवंडाला काय सांगत असेल, हे सांगणारा निवेदक तर त्या पुस्तकात नाहीच.

सहज यांच्यासाठी : ॲटिकसला बदडत नाही, तो माझ्या कपाटात पूर्वीच्याच जागी आहे. पुढच्या महिन्यासाठी गटाला टेलर यांची कादंबरी सुचवली आहे. बालसाहित्य कशाला, असा एक आक्षेप आला आहे. त्याला उत्तर म्हणून पुस्तकवाटपाचे ते पहिले प्रकरण सर्वांना मोठ्याने वाचून दाखवणार आहे.